मोटार सरळ कशी चालते?

मोटार वळते कशी, हे लहान मूलही विचारते. मोटार सरळ कशी चालते, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. रस्ता सरळ, चाके सरळ, मग गाडी सरळ जायचीच. त्यात विचारायचे ते काय, असे आपण धरून चालतो. मीही असेच धरून चाललो होतो. मी काही यंत्रविद्येचा माणूस नव्हे. महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवतो. एखादे अनुमान कुठे चुकले, पुरावा कुठे अपुरा पडला, हे मुलांना दाखवून देणे हा माझा रोजचा धंदा. पण दोन पावसाळ्यांपूर्वी माझ्याच गाडीने मला माझ्याच विषयाचा एक धडा दिला, आणि त्याची फी म्हणून पुढचे दोन टायर वसूल केले. तो धडा आज तुमच्यापुढे ठेवायचा आहे.

माझी गाडी साधी, चारचौघांसारखी, आणि माझ्याकडे येण्यापूर्वी दोन मालकांची सेवा करून आलेली. आम्ही राहतो कऱ्हाडला. धाकटी बहीण चिपळूणला दिलेली. त्यामुळे पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट हा रस्ता वर्षातून चारसहा वेळा तरी घडतो. त्या पावसाळ्यात माझ्या असे ध्यानात आले की गाडी डावीकडे ओढते आहे. सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग किंचित उजवीकडे धरून ठेवावे लागे. मी एका टायरच्या दुकानात गेलो आणि ऐटीत सांगितले, “व्हील अलाइनमेंट करून द्या.” त्यांनी गाडी यंत्रावर चढवली, चाकांना पट्ट्या लावल्या, पडद्यावर काही आकडे लाल दिसले, पान्याने थोडी फिरवाफिरव झाली, लाल आकडे हिरवे झाले. आकड्यांचा छापील कागद मिळाला. मी समाधानाने घरी आलो.

आठवड्याभरात गाडी पुन्हा ओढू लागली. मी पुन्हा गेलो, पुन्हा आकडे हिरवे झाले, पुन्हा कागद मिळाला. असे तीन वेळा झाले. माझ्याकडे तीन कागद जमले. तिन्ही सांगत होते की गाडी ठीक आहे. आणि पुढचे टायर, जे वर्षाचेही नव्हते, ते सांगत होते की गाडी मुळीच ठीक नाही. त्यांच्या पृष्ठभागावरून तळहात एका बाजूने फिरवला तर गुळगुळीत लागे, उलट बाजूने फिरवला तर करवतीच्या दात्यांसारखे बोचे. आता कोणाचे खरे मानायचे? कागदाचे की टायरचे?

हे कोडे कसे सुटले ते पुढे सांगतोच. पण ते कळायला चाकांची थोडी भूमिती ठाऊक हवी. रेडिओवर फळा नसतो, ही माझ्यासारख्या मास्तराची मोठीच अडचण. तेव्हा आपले हातपाय हाच फळा समजू या.

प्रथम वळण्याची गोष्ट, कारण ती जुनी आहे. आपल्या बैलगाडीला हा प्रश्नच नाही. तिला दोन चाके, एक आस. वळण्याचे काम बैल करतात, आणि दोन्ही चाके आसावर मोकळी असल्याने आतले हळू फिरते, बाहेरचे जलद. अडचण सुरू होते ती चार चाकांच्या गाडीत. जुन्या घोड्यांच्या बग्ग्यांत पुढची आख्खी आस मधल्या एका खिळ्याभोवती वळत असे. थोड्या वळणाला हे ठीक. पण वळण तीव्र झाले की पुढची दोन्ही चाके जवळजवळ एकामागे एक येत, गाडीचा आधार अरुंद होई आणि ती कलंडे. यावर म्यूनिकचा बग्गी बांधणारा गेऑर्ग लांकेनश्पेर्गर याने १८१७ च्या सुमारास तोड काढली. त्याने आस जागच्या जागी ठेवली आणि तिच्या टोकांशी प्रत्येक चाकाला स्वतंत्र वळता येईल अशी योजना केली. लंडनमध्ये त्याचा प्रतिनिधी म्हणून रुडॉल्फ आकरमान याने १८१८ साली या युक्तीचे पेटंट घेतले. हा आकरमान चित्रे आणि पुस्तके प्रसिद्ध करण्याच्या धंद्यातला. पण ‘आकरमानची भूमिती’ म्हणून आजवर नाव चालते ते त्याचे. ज्याने डोके चालवले त्याचे नाव मागे पडावे आणि ज्याने अर्ज केला त्याचे पुढे यावे, हे महाविद्यालयात वावरणाऱ्याला मुद्दाम समजावून सांगावे लागत नाही.

या भूमितीचे मर्म खळ्यातल्या बैलांवरून चटकन कळते. मळणीच्या वेळी मधल्या तिवड्याभोवती बैलांची पात फिरते. तिवड्याजवळचा बैल लहान वर्तुळात फिरतो, टोकाचा मोठ्या वर्तुळात. सगळ्यांचा केंद्रबिंदू मात्र तोच तिवडा. मोटार वळते तेव्हाही असाच एक अदृश्य तिवडा असतो, मागच्या आसाच्या सरळ रेषेत, गाडीच्या बाजूला कुठेतरी. चारही चाकांनी त्याच्याभोवती फिरायचे, तर पुढच्या दोन चाकांनी सारखेच वळून भागत नाही. आतल्या चाकाने जास्त वळले पाहिजे. समजा, पुढच्या-मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर आहे, डाव्या-उजव्यांत दीड मीटर, आणि गाडीच्या मागच्या आसाचा मध्य सहा मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर चालला आहे. तर आतले चाक सुमारे साडेपंचवीस अंश वळायला हवे आणि बाहेरचे वीस अंशांहून किंचित जास्त. हा पाच अंशांचा फरक साधण्यासाठी चाकांना वळवणारे दांडे सरळ न बसवता थोडे तिरके बसवतात. त्यांच्या रेषा मागे वाढवल्या तर त्या मागच्या आसाच्या मध्याजवळ मिळाव्यात, असा ढोबळ हिशेब. मोठ्या वेगात टायर थोडा बाजूला सरकतो, म्हणून हल्लीच्या गाड्यांत हा हिशेब तंतोतंत पाळतातच असे नाही. पण एखाद्या खड्ड्यात यातला एक दांडा जरी वाकला, तरी तीव्र वळणावर टायर किंचाळू लागतो. दोन बैलांनी दोन निराळ्या तिवड्यांभोवती फिरायचे ठरवल्यावर दुसरे काय होणार?

आता सरळ चालण्याकडे येऊ. आणि इथे पहिला धक्का बसतो. गाडीची चाके सरळ नसतात. ती मुद्दाम, हिशेबाने, थोडी वाकडी बसवलेली असतात. हा वाकडेपणा मुख्यतः तीन प्रकारचा. त्यांची कारखान्यातली नावे कॅस्टर, कॅम्बर आणि टो.

कॅस्टर समजायला सायकल आठवा. सायकलचा पुढचा चिमटा उभा सरळ नसतो. तो वरून मागे, खालून पुढे असा कललेला असतो. त्या कलाची रेषा मनाने जमिनीपर्यंत वाढवा. ती जमिनीला जिथे टेकते, त्याच्या थोडे मागे चाक प्रत्यक्ष टेकलेले असते. म्हणजे चाक आपल्या कण्याच्या मागून ओढले जाते. कार्यालयातल्या फिरत्या खुर्चीची चाके पाहा. खुर्ची ढकलाल तिकडे ती मुकाट्याने मागे वळून येतात. सायकलच्या तोलात आणखीही गोष्टी असतात, पण मोटारीपुरते हे ध्यानात ठेवा: वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप हातातून सरळ होत येते, त्यात या कलाचा मोठा वाटा आहे. शिवाय हा वळण्याचा कणा वरच्या बाजूने थोडा आतही झुकलेला असतो. त्यामुळे चाक वळवले की गाडीचे नाक केसभर उचलले जाते, आणि गाडीचे वजनच चाकाला पुन्हा सरळ करते. वाड्याच्या फाटकाच्या बिजागऱ्या थोड्या तिरक्या बसवल्या की फाटक आपोआप मिटते ना, तसेच हे. आता डाव्या चाकाचा कॅस्टर एक आणि उजव्याचा दुसरा झाला, तर गाडी ज्या बाजूला तो कमी आहे त्या बाजूला ओढते. मौज अशी की कॅस्टर बिघडला तरी टायर फारसा झिजत नाही. म्हणजे टायर तपासून हा दोष सापडायचा नाही.

दुसरा कॅम्बर. दोन्ही तळहात समोर उभे धरा, जणू ती दोन चाके. आता बोटे बाहेरच्या बाजूला झुकवा; हा धन कॅम्बर. आत झुकवा, हा ऋण. जुन्या मोटारींची चाके बहुधा वरून बाहेर झुकलेली असत. आजच्या पुष्कळ गाड्यांत ती वरून किंचित आत असतात, म्हणजे वळणावर गाडी कलली की बाहेरचे, भार सोसणारे चाक बरोबर उभे होते. कललेले चाक सरळ घरंगळत नाही. निमुळता पेला टेबलावर आडवा टाकून ढकलून पाहा. तो गोल फिरतो. चाकही झुकले त्या बाजूला जाऊ पाहते. दोन्ही बाजूंचा झुकाव सारखा असला तर दोघांची ओढ एकमेकांना मारते. फरक पडला तर गाडी एकीकडे चालते, आणि टायरची एकच कड, आतली किंवा बाहेरची, गुळगुळीत झिजते.

तिसरा टो, आणि टायरचा खरा वैरी हाच. उभे राहा आणि पायांचे अंगठे थोडे एकमेकांकडे वळवा. चाके अशी पुढून आत वळलेली असली की तो टो-इन. बाहेर वळलेली असली की टो-आऊट. अशा पायांनी चालून पाहा, म्हणजे तळवे जमिनीवर घासत जातात ते जाणवेल. आता थोडा हिशेब. टायरचा व्यास सुमारे ६०० मिलिमीटर धरा. त्याच्या पुढच्या आणि मागच्या कडेत, असायला हवे त्याहून ३ मिलिमीटरचा फरक आहे असे समजा. तीन मिलिमीटर म्हणजे काय, डोळ्याला दिसणारही नाहीत. पण सहाशेत तीन म्हणजे हजारात पाच. गाडी एक किलोमीटर पुढे गेली की ते चाक पाच मीटर आडवे फरफटले. मुंबई ते पुणे सुमारे दीडशे किलोमीटर; तेवढ्या प्रवासात टायर पाऊण किलोमीटर आडवा घासला गेला! कोऱ्या टायरचे बारा वाजायला आणखी काय हवे? आणि फरफटताना रबराच्या प्रत्येक ठोकळ्याची एक कड घासून खाली बसते, दुसरी धारदार राहते. माझ्या तळहाताला बोचलेली करवत ती हीच.

मग टो शून्यच का ठेवत नाहीत, असे तुम्ही विचाराल. कारण उभी गाडी आणि धावती गाडी यांत फरक असतो. सांध्यांत आणि रबरी बुशांत थोडी लवचीकता असतेच. मागच्या चाकांना जोर देणाऱ्या गाडीत रस्त्याचा विरोध पुढच्या चाकांना बाहेर फाकवू पाहतो, म्हणून ती आधीच जरा आत वळवून ठेवतात. पुढच्या चाकांना जोर देणाऱ्या गाडीत इंजिन त्यांना उलट आत ओढू पाहते, म्हणून तिथे टो जवळजवळ शून्य किंवा किंचित बाहेर ठेवलेला आढळतो. हेतू एकच: उभी असताना वाकडी दिसणारी चाके धावताना सरळ व्हावीत. या वाक्यातच माझ्या कोड्याचे उत्तर होते. पण मला ते कोणीतरी बोट धरून दाखवावे लागले.

तिसऱ्या कागदानंतर एका सहकाऱ्याने मला गावाबाहेरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे पाठवले. पत्र्याची शेड, दारात चिंचेचे झाड, संगणक वगैरे काही नाही. मी गाडीतून उतरता उतरताच म्हणालो, “मिस्त्री, जरा अलाइनमेंट बघायचंय.”

ते फडक्याला हात पुसत म्हणाले, “ते हुईल सर. आधी गाडीला काय हुतंय ते सांगा. काय करायचं ते मी बघतो.”

“डावीकडे ओढते.”

“कायम, का कवा कवा?”

“बहुधा कायम.”

“बहुधा न्हवं. बिरेक दाबल्यावर का न दाबता? येग घेतल्यावर का सोडल्यावर? उजवीकडं कधीच जात न्हाई?”

श्रोतेहो, तोंडी परीक्षेत मी मुलांची जी अवस्था करतो, ती माझी झाली. मिस्त्री माझ्या शेजारी येऊन बसले. पाटणच्या रस्त्याला, रहदारी नव्हती तिथे, त्यांनी मला रस्त्याच्या मधोमध गाडी घ्यायला सांगितली. स्टिअरिंग सोडायचे नाही, फक्त मूठ सैल करायची. गाडी डावीकडे गेली. मी सावरली. पुन्हा मूठ सैल केली. या खेपेस ती उजवीकडे गेली! मग डावीकडे, मग उजवीकडे. ती ओढत नव्हती. ती भरकटत होती. आपले रस्ते पाणी वाहून जावे म्हणून मध्ये उंच आणि कडांना उतरते असतात. आपण चालतो डाव्या बाजूने, म्हणजे उतार बहुधा डावीकडेच. त्यामुळे ती डावीकडे जास्त जाई, आणि तेवढेच मी लक्षात ठेवले होते. उजवीकडे गेली की नकळत सावरत होतो आणि विसरत होतो. मनासारखी उदाहरणे तेवढी मोजायची आणि विरुद्ध उदाहरणे सोडून द्यायची, या दोषावर मी दर वर्षी दोन तास बोलतो.

“खड्ड्यात गेली की टक् असा आवाज येतो?” मिस्त्रींनी विचारले. येत होता. डिकीतला जॅक हलतो, असे मी समजत होतो.

परत आल्यावर त्यांनी पुढचे डावे चाक जॅकवर उचलले. घड्याळात नऊ आणि तीन जिथे असतात तिथे चाक दोन्ही हातांनी धरले आणि हलवले. टक्, टक्. मग बारा आणि सहाच्या जागी धरून हलवले, आवाज नाही. “म्हंजे बेरिंग बरी हाय, खालचा बॉल जॉइंटबी बरा हाय,” ते म्हणाले. मग माझे बोट धरून चाकामागच्या एका सांध्यावर ठेवले आणि पुन्हा चाक हलवले. सांधा माझ्या बोटाखाली उडत होता. स्टिअरिंगचा दांडा चाकाला जिथे जोडतात तो हा सांधा. त्याला टाय रॉड एंड म्हणतात. त्यावरची रबरी टोपी फाटली होती, आतले ग्रीस जाऊन चिखलपाणी शिरले होते, आणि आतली गोळी आपल्या वाटीत खुळखुळत होती.

मिस्त्रींनी तो सांधा खोलून माझ्या तळहातावर ठेवला आणि शांतपणे म्हणाले, “सर, ह्यो निसटला असता तर इस्टेरिंग तुमच्या हातात, आन् चाक त्याच्या मनानं.”

मी काही बोललो नाही. आठच दिवसांपूर्वी त्या गाडीतून आई, पत्नी आणि दोन्ही मुलींना घेऊन मी कुंभार्ली घाट उतरलो होतो. पाऊस होता, धुके होते, आणि धाकटी मागच्या बाकावर आजीच्या मांडीवर झोपली होती. खिशात तिसरा हिरवा कागद होता.

ते कागद खोटे होते का? नव्हते. यंत्राने उभ्या गाडीचे माप घेतले आणि ते बरोबर घेतले. सांधा खिळखिळा असला तरी उभ्या गाडीत चाक कुठल्यातरी एका कोनात स्थिर असतेच. तो कोन यंत्राने मोजला, पान्याने ठीक केला. गाडी रस्त्यावर आली, पहिल्या खड्ड्यात गोळी वाटीत सरकली आणि तो कोन राहिला नाही. दुकानदाराने आकडे पाहण्यापूर्वी सांधे हलवून पाहायला हवे होते, हे खरे. पण मीही त्याला लक्षण सांगितलेच नव्हते. मी थेट उपाय मागितला होता. डॉक्टरांकडे जाऊन “अमुक इंजेक्शन द्या” म्हणणाऱ्या रोग्यासारखे माझे झाले. आणि पहिल्यांदा गुण आला नाही, तेव्हा निदान बदलायचे सोडून मी तेच औषध आणखी दोनदा घेतले.

तेव्हा श्रोतेहो, गाडी वाकडी चालू लागली तर काय करावे, ते मिस्त्रींकडून शिकलेल्या क्रमाने सांगतो. पहिल्याने हवा. गाडी गार असताना चारही टायरांतली हवा मोजा. ज्या बाजूला हवा कमी, त्या बाजूला गाडी ओढते. मग रस्ता. एकाच उतरत्या रस्त्यावरून निकाल देऊ नका. सपाट जागी, रहदारी नसताना पाहा. मग वेळ. ब्रेक दाबल्यावरच ओढत असेल तर दोष बहुधा ब्रेकचा. ब्रेक न दाबता ओढते आणि थांबल्यावर एका चाकाजवळ जास्त धग लागते, तर तो ब्रेक धरून राहिला आहे. धग दुरून पाहा, हात लावून भाजून घेऊ नका.

मग टायर. कधी कधी टायरच आतून थोडा शंकूसारखा झालेला असतो आणि तोच गाडी ओढतो. पुढची दोन चाके आपसांत बदला. मात्र टायरवर फिरण्याची दिशा बाणाने दाखवलेली असेल तर हा प्रयोग करू नका. बदलल्यावर ओढ डावीकडची उजवीकडे गेली, तर गुन्हेगार सापडला. न बदलली, तर टायर निर्दोष. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ साली आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात व्यतिरेकाची पद्धत सांगितली ती हीच: बाकी सारे तसेच ठेवायचे, एकच गोष्ट बदलायची आणि परिणाम पाहायचा. हवा, टायर, अलाइनमेंट सगळे एकाच दिवशी केले, तर गाडी सुधारेलही, पण कशाने सुधारली ते कळणार नाही. आणि पुन्हा बिघडली तर आपण जिथल्या तिथे.

एक घोटाळा टाळा. ठरावीक वेगाला, विशेषतः ऐंशी-नव्वदच्या पुढे, स्टिअरिंग थरथरू लागले तर ते सहसा अलाइनमेंटचे काम नव्हे, बॅलन्सिंगचे. अलाइनमेंट म्हणजे चाकाची दिशा. बॅलन्सिंग म्हणजे चाकाच्या घेरातले वजन. दोन्ही कामे एकाच दुकानात होतात म्हणून ती एक नव्हेत.

आणि मागच्या चाकांना विसरू नका. आपल्याला वाटते, दिशा ठरते ती पुढच्या चाकांनी. पण मागची दोन्ही चाके मिळून एका बाजूला पाहू लागली, तर ती गाडीला तिकडून ढकलतात, आणि पुढची चाके थोडी वळवून ठेवल्याशिवाय गाडी सरळ जात नाही. अशी गाडी मागून पाहिली तर धावणाऱ्या कुत्र्यासारखी अंग तिरके करून चाललेली दिसते. आत बसलेल्याला एकच खूण: गाडी सरळ जाते आहे, पण स्टिअरिंग वाकडे आहे. तेव्हा माप घ्यायचे तर चारही चाकांचे घ्यावे. आपल्याकडच्या पुष्कळ साध्या गाड्यांत पुढचा टो तेवढा पान्याने बदलता येतो. कॅम्बर आणि कॅस्टर बदलण्याची सोयच नसते. ते चुकीचे निघाले, तर काहीतरी वाकले किंवा झिजले आहे, असाच त्याचा अर्थ. “एवढं चालतं साहेब” या उत्तरावर समाधान मानू नये.

सगळ्यात शेवटी अलाइनमेंट. आधी सांधे, बुश, बेअरिंग, स्प्रिंग तपासायचे, झिजलेले बदलायचे, आणि मग कोन जुळवायचे. त्यातही टो शेवटी, कारण कॅम्बर हलवला की टोही हलतो. माझ्या गाडीचा सांधा बदलल्यावर मिस्त्रींनीच मला त्या पहिल्या दुकानात परत पाठवले. “यंत्र चांगलं हाय त्यांचं,” ते म्हणाले, “आता त्याचं काम हाय.” चौथा कागद मिळाला. तो अजून खरा ठरतो आहे. टायर सारखे झिजत आहेत.

तो जुना सांधा मी टाकून दिला नाही. धुऊन पुसून वर्गात नेतो. अनुमानाचे प्रकरण सुरू करण्यापूर्वी तो मुलांच्या हातात देतो आणि खुळखुळा वाजवून पाहायला सांगतो. मग तीन हिरवे कागद दाखवतो आणि विचारतो, “यात खोटे काय आहे?” मुले बराच वेळ आकड्यांत चूक शोधत बसतात. आकड्यांत चूक नसते.

पुढच्या वेळी आपण गाडी घेऊन निघाल, तेव्हा एखाद्या मोकळ्या, सपाट रस्त्यावर दोन मिनिटे तिच्याकडे लक्ष द्या. मूठ जरा सैल करा, सोडू नका. ती कुठे जाते, कधी जाते, कसला आवाज येतो, ते नीट ध्यानात ठेवा, आणि दुरुस्त करणाऱ्याला तेवढेच सांगा. काय करायचे ते त्याला ठरवू द्या. घाट उतरायचा असेल, आणि मागच्या बाकावर कोणी झोपलेले असेल, तर ही दोन मिनिटे अगदी अवश्य काढा.